पोराला ऑनलाईन शाळेत घालायचं म्हणताय? आधी बोर्ड बघा, ॲप नंतर

"सर, दहावी-बारावी घरात बसून ऑनलाईन करता येते का हो?" हा प्रश्न आता सारखा यायला लागलाय. मी कोल्हापुरात राजारामपुरीत गणिताचे क्लास घेतो, आठवी ते बारावी, त्यामुळं पालक आधी मलाच गाठतात, आणि मला विचारायच्या आधीच बऱ्याच जणांनी कुठलं तरी ॲप डाऊनलोड केलेलं असतं, डेमो क्लास होऊन गेलेला असतो आणि काऊन्सेलर नावाच्या माणसाचे सकाळ-संध्याकाळ फोन चालू असतात. उत्तर हो आहे. करता येते, कायदेशीर आहे, पुढं कॉलेजला ॲडमिशन मिळते, नीट-जेईई पण देता येते. फक्त लोक हे ज्या क्रमानं ठरवतात तो क्रम उलटा असतो आणि सगळा घोळ तिथनंच सुरू होतोय.

ऑनलाईन शाळा म्हणतो त्यात खरं तर तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, बोर्ड, म्हणजे परीक्षा कोण घेणार आणि मार्कलिस्टवर नाव कुणाचं येणार. दुसरी, शिकवणार कोण, मग ते ॲप असू दे, यूट्यूब असू दे, झूमवरचे सर असू देत नाहीतर पोरगं आपलं आपण पुस्तक घेऊन. तिसरी, पोराला रोज अभ्यासाला बसवणार कोण. शाळेत या तिन्ही एकाच गेटच्या आत मिळायच्या म्हणून आपल्याला कधी सुट्या सुट्या दिसल्याच नाहीत. ॲपवाले विकतात ती फक्त दुसरी. पहिली तुम्हाला स्वतः शोधावी लागते आणि तिसरी तर बाजारात मिळतच नाही, ती घरातच उभी करावी लागते.

अजून एक. इंटरनेटवर ऑनलाईन हायस्कूल म्हणून शोधलं की निम्मी माहिती अमेरिकेतली येते. तिकडं सरकारच ऑनलाईन शाळा चालवतं, फ्लोरिडा राज्याची फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल १९९७ पासून आहे, स्टॅनफर्ड विद्यापीठाची ऑनलाईन हायस्कूल २००६ पासून चालू आहे, आणि तिथं डिप्लोमा शाळाच देते. आपल्याकडं दहावी-बारावीचं सर्टिफिकेट शाळा देत नाही, बोर्ड देतं. त्यामुळं तिकडचे सल्ले वाचून इकडं निर्णय घेऊ नका. तसल्या परदेशी ऑनलाईन शाळेत प्रवेश घेता येतो, पण फी डॉलरमध्ये, लाईव्ह क्लास आपल्या रात्रीत, आणि नंतर भारतातच कॉलेज करायचं ठरलं तर ते सर्टिफिकेट आपल्या बारावीच्या बरोबरीचं आहे म्हणून समकक्षतेचा दाखला मिळवत बसा. परदेशातच पाठवायचं नक्की असेल तर बघा, नाहीतर सोडून द्या.

मग आपल्याकडं बोर्ड कुठली

खरं सांगायचं तर दोनच रस्ते धड आहेत.

एक म्हणजे एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखालची स्वायत्त संस्था, १९८९ ची, म्हणजे काल-परवा निघालेलं काही नाही. दहावीला किमान वय १४, बारावीला १५. परीक्षा वर्षातनं दोनदा, एप्रिल-मेच्या सुमारास आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. एकदा नोंदणी केली की ती ५ वर्षं चालते आणि त्यात परीक्षेच्या ९ संधी मिळतात, सगळे विषय एकदम दिलेच पाहिजेत असं नाही, दोन आता द्या, तीन नंतर. पास व्हायला ३३ टक्के. विषय कमीत कमी पाच, त्यात एक तरी भाषा, जास्तीत जास्त दोन, आणि बाकीचे यादीतनं निवडायचे. म्हणजे दहावीला गणित नको असेल तर गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एन्ट्री असलं काहीतरी घेता येतं. (गणिताचा मास्तर असून हे सांगतोय बघा.) पण सोडायच्या आधी विचार करा, कारण पुढं सायन्स किंवा डिप्लोमाला जायचं म्हटलं की गणित-विज्ञान दोन्ही लागतं आणि तेव्हा पोरगं सोळा वर्षाचं होऊन बसलेलं असतंय.

दहावीला एनआयओएसमध्ये मराठी माध्यम आहे. बारावीला मात्र मराठी माध्यम मिळेलच असं धरून चालू नका, प्रवेशाच्या वेळी माध्यमांची यादी उघडून बघायची. आपल्या मराठी शाळेतली पोरं इथंच अडकतात, आधी कुणी सांगत नाही आणि नंतर अकाऊंटन्सीचं इंग्रजी पुस्तक हातात येतं.

दुसरा रस्ता आपल्या राज्य मंडळाचा, १७ नंबरचा फॉर्म. आपल्या आई-बापाच्या पिढीला हा चांगला माहिती आहे, 'बाहेरनं बसणं' म्हणायचे त्याला. नियमित शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून स्टेट बोर्डाचीच दहावी-बारावी द्यायची, पुस्तकं बालभारतीचीच, पेपर पण सगळ्यांना तोच आणि ७५ टक्के हजेरीची भानगड नाही. दहावीसाठी वय १४ पूर्ण पाहिजे, बारावीसाठी दहावी होऊन दोन वर्षं झालेली पाहिजेत. फॉर्म ऑनलाईन भरायचा, त्यात एक शाळा किंवा ज्युनिअर कॉलेज संपर्क केंद्र म्हणून निवडायचं, आणि कागदपत्रं तिथं नेऊन द्यायची. मुदत उन्हाळ्यानंतर कधीतरी उघडते आणि जाहीर नोटीस पेपरात येते, ती चुकली की लेट फी आणि लेट फीची तारीख पण चुकली की वर्ष गेलं. आपलं विभागीय मंडळ कोल्हापुरातच आहे, सांगली-सातारा पण याच्याच खाली येतात, त्यामुळं शंका असेल तर एजंटाकडं न जाता सरळ मंडळात जाऊन विचारा. शाळा कधी सोडलेली पाहिजे, कुठल्या शाखेला बसता येतं, हे नियम तिथंच पक्के कळतात. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ पण आहे, २०१७ मध्ये सुरू झालेलं, त्याची पण चौकशी तिथंच होईल.

दोन्हीतलं कुठलं? पोराला महाराष्ट्रातच राहायचंय, पुढं एमएचटी-सीईटी द्यायचीय, मराठीतनं शिकलंय, तर १७ नंबर बरा, कारण सीईटी आपल्या बोर्डाच्या अभ्यासक्रमावर असते. पोराला वेळेची मोकळीक पाहिजे, विषय तोडून तोडून द्यायचेत, खेळामुळं मार्चचा पेपर हुकू शकतो, तर एनआयओएस. माझं मत एवढंच, बाकी घरोघरी परिस्थिती वेगळी.

सीबीएसई ऑनलाईन म्हणून कुणी विकत असेल तर जरा थांबा. सीबीएसईची मान्यता जागा, इमारत, प्रयोगशाळा बघून शाळेला मिळते, ॲपला मिळत नाही. मग ते काय करतात, तर कागदावर तुमचं पोरगं कुठल्या तरी लांबच्या शाळेत दाखवतात, म्हणजे डमी. बोर्डानं यावर धाडी टाकल्यात, नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली आणि राजस्थानातल्या २१ शाळांची मान्यता याच कारणासाठी काढून घेतली. शाळेचं जे व्हायचं ते होईल, मधल्यामध्ये पोराचं दहावीचं वर्ष लटकतं त्याला कोण जबाबदार?

काऊन्सेलरचा फोन आला की

माझ्या समोर एका पालकानं स्पीकरवर टाकलेला फोन सांगतो. समोरची मुलगी लई गोड बोलत होती, "सर, आपल्या मुलाचं प्रोफाईल खूप छान आहे, आज रात्रीपर्यंत स्कॉलरशिप व्हॅलिड आहे, उद्या फी वाढणार." मी त्यांना म्हटलं, विचारा, मार्कलिस्टवर बोर्डाचं नाव काय येणार. ती म्हणाली, "सर, आमचा करिक्युलम ग्लोबल आहे." परत विचारलं, बोर्ड कुठलं. "सर, सगळीकडं ॲक्सेप्टेड आहे." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली की एनआयओएसचा फॉर्म भरायला आमची टीम 'मदत करते'. म्हणजे एनआयओएसची नोंदणी आणि परीक्षा मिळून जी फी काही हजारांत भागते ती वेगळीच, आणि हे लाखाच्या घरात मागत होते ते फक्त शिकवण्याचे, आणि ते पण ईएमआयवर. शिकवणं चांगलं असेल तर पैसे द्यायला हरकत नाही हो, पण कशाचे देतोय ते कळलं पाहिजे ना.

तेव्हा बोर्डाचं नाव लेखी मागायचं, ईमेलवर. परीक्षा केंद्र कुठं येणार ते विचारायचं. रिफंडची अट काय, आणि ईएमआय म्हणजे नेमकं कुठल्या फायनान्स कंपनीचं कर्ज तुमच्या नावावर पडणार ते विचारायचं, कारण पोरानं दोन महिन्यात क्लास सोडला तरी हप्ता चालूच राहतो. सगळ्यात महत्त्वाचं, एनआयओएसची नोंदणी स्वतः करा, आपल्या मोबाईल नंबरवर, आपल्या ईमेलवर. साईट सरकारी आहे, पत्ता एनआयओएस डॉट एसी डॉट इन, अवघड काही नाही. एजंट स्वतःचा नंबर टाकतात आणि मग हॉलतिकीट पाहिजे असलं तरी त्याच्या पाया पडत बसावं लागतंय.

आणि 'एका वर्षात दहावी-बारावी दोन्ही' अशी पाटी दिसली की पुढं चालू लागा. एनआयओएसमध्ये दहावी आणि पूर्ण बारावी यांच्यात दोन वर्षांचं अंतर लागतंच. ज्याची दहावी होऊन दोन-चार वर्षं झालीत त्याची बारावी लवकर होऊ शकते, ती गोष्ट वेगळी. नाव कधी ऐकलं नाही असलं बोर्ड कुणी सांगितलं तर कोब्से म्हणजे देशातल्या शालेय मंडळांच्या परिषदेच्या यादीत ते आहे का बघायचं, नुसतं नावात 'भारतीय' आणि 'नवी दिल्ली' असलं म्हणून ते खरं होत नाही.

कुणाला जमतं, कुणाला नाही

माझा भाचा तालमीतला. पहाटे साडेचारला उठतो, मेहनत, जोर-बैठका, मग मातीत लढती, आठ-साडेआठला सुटतो, खुराक घेऊन आडवा होतो ते अकरापर्यंत उठत नाही, उठून चालणार पण नाही, शरीर भरायचं तर ती झोप लागतेच. संध्याकाळी चारला परत तालीम. आता शाळा अकरा ते पाच. म्हणजे दोन्हीपैकी एक काहीतरी खोटं होणार, आणि दोन वर्षं शाळेची हजेरीच खोटी होत होती. त्याचं एनआयओएस केलं. दुपारी साडेअकरा ते साडेतीन एवढाच अभ्यास, मध्ये जेवण, फोन माझ्या बहिणीकडं. दोन विषय आधी काढले, बाकीचे नंतर. असल्या पोरांसाठी ही सोय खरंच जगात भारी आहे. कुस्ती म्हणा, नेमबाजी म्हणा, जलतरण म्हणा, आपल्या जिल्ह्यात अशी पोरं कमी नाहीत, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणल्यापासनं तर गावागावात रायफलची स्वप्नं पडायला लागलीत.

तसंच मोठं आजारपण असेल, वडिलांची सारखी बदली असेल, मधे शाळा सुटून दोन वर्षं घरात बसलेली मुलगी असेल, कामाला जाणारा पोरगा असेल, यांना पण उपयोग होतो.

पण नुसतं 'शाळेत मन लागत नाही' एवढ्यावर काढू नका. का लागत नाही ते आधी बघा. कुणी त्रास देतंय तर शाळा बदला, बोर्ड नको. वाचता-लिहिताना अडचण असेल, डिस्लेक्सियासारखं काही, तर नेमून दिलेल्या सरकारी हॉस्पिटलचं प्रमाणपत्र काढलं की स्टेट बोर्डातच जास्तीचा वेळ, लेखनिक, विषयात सवलत असं मिळतं, शाळा सोडायची गरज नाही. आणि जे पोरगं मोबाईलच्या नादानं शाळा चुकवतंय त्याला ऑनलाईन शाळेत घालणं म्हणजे मांजराला दुधाची राखण दिल्यासारखं आहे.

कोविडमधलं आठवून घाबरणारे पण आहेत, पीडीएफ व्हॉट्सॲपवर, कॅमेरा बंद, "मॅडम, आवाज येत नाही." ती तात्पुरती मलमपट्टी होती, तेव्हा शिकवणाऱ्यालाच काही माहिती नव्हतं. त्यावरनं आताचं ठरवू नका, पण त्या दिवसात आपलं पोरगं आपण न सांगता किती वेळा पुस्तक घेऊन बसलं ते मात्र आठवा. तोच खरा अंदाज.

घरात काय होतं

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा लांबण लावतो. पोरगं घरात आहे म्हटलं की ते सगळ्यांना रिकामं दिसतं. आजी म्हणते जरा दळण टाकून ये. गॅस सिलिंडरवाला आला की याला हाक. शेजारच्या काकू पार्सल याच्याकडं ठेवायला सांगतात. गावाकडं असेल तर डेअरीला दूध घालणं, वैरण आणणं आलंच. प्रत्येक काम दहा मिनिटांचं असतंय पण अभ्यासाची बैठक मोडते ती मोडतेच, दळण आणायला गेलेलं पोरगं सरळ परत येतंय होय? मधे कट्टा आहे. मुलगी असली तर अजूनच वाईट, तिला भाकरीपासनं सगळं लागतं आणि सहा महिन्यात ती शिकणारी पोरगी न राहता घरकामाला हाताशी आलेली पोरगी होऊन बसते. त्यामुळं अभ्यासाचे चार तास ठरले की ते घरात सगळ्यांना सांगायचे, आजी-आजोबांसकट, आणि त्या वेळात पोरगं शाळेत आहे असंच समजायचं. दाराला आतनं कडी नको, पण हाक पण नको.

कोण घरात असणार हे पण आधी ठरवा. आई-बाप दोघं नोकरीला आणि घरात पंधरा वर्षाचं पोरगं एकटं, वाय-फाय चालू, हे चालत नाही, उगाच स्वतःला फसवू नका. मामा, मावशी, आत्या, रिटायर झालेले आजोबा, कोणीतरी पाहिजे. शिकवायला नको, नुसतं 'काय केलंस आज, दाखव' म्हणायला. नाहीतर जवळच्या अभ्यासिकेत जागा घ्या, एमपीएससीवाली पोरं बसतात तिथं, वातावरण असतं.

पाहुण्यांची तयारी ठेवा. लग्नात कोणतरी मोठ्यानं विचारणारच, "शाळा सोडली व्हय ह्यानं?" ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं करून पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता तिथल्या लोकांना हा प्रश्न पडणार, त्यांचं पण चूक नाही. पोराला एकच वाक्य पाठ करून द्या, "एनआयओएसमधनं दहावी करतोय, केंद्राचं बोर्ड आहे." पुढं कोण विचारत नाही.

नेट आणि मशीनचं थोडक्यात. मोबाईलवर दहावी होते पण डोळ्यांची आणि मनाची वाट लागते, जुना का होईना लॅपटॉप बघा. राधानगरी, गगनबावडा साईडला असाल तर लाईव्ह क्लासवर अवलंबून राहू नका, पावसाळ्यात लाईट आणि रेंज दोन्ही जातात, रेकॉर्डेड व्हिडिओ डाऊनलोड करून ठेवता येतात ते बघा. पंचगंगेला पूर आला की तसंही २०१९, २०२१ सारखं सगळंच बंद. आणि फुकटातलं आधी वापरा, बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ, दीक्षा ॲप, स्वयम पोर्टलवर एनआयओएसचे विषय, खान ॲकॅडमी. एनआयओएसनं २०२१ मध्ये स्वतःची व्हर्च्युअल शाळा पण काढली. (पुढच्या वर्षी दिल्ली सरकारनं देशातली पहिली व्हर्च्युअल शाळा म्हणून गाजावाजा केला तर यांनी लगेच खुलासा काढला की आमची आधीच आहे.) हे सगळं महिनाभर वापरून बघा, त्यानंतर पण अमुक विषयाला माणूस पाहिजेच असं वाटलं तर तेवढ्याच विषयाची शिकवणी लावा. सगळ्या विषयांचं पॅकेज घेणारे बहुतेक दोनच विषय बघतात.

दाखला काढायच्या आधी

आधी ट्रायल घ्या. मे महिन्याची सुट्टी किंवा दिवाळीची सुट्टी, ठरवलेलं टाईमटेबल जसंच्या तसं पाळून बघा, शाळा अजून चालूच आहे. नाही जमलं तर काही बिघडलं नाही.

जमलं तरी दाखल्याची घाई नको. काय जाणार ते आधी बघा. आठवीत एनएमएमएस म्हणजे केंद्राची शिष्यवृत्ती लागली असेल तर वर्षाला १२,००० रुपये बारावीपर्यंत मिळतात, पण त्यासाठी सरकारी किंवा अनुदानित शाळेत नियमित शिकत राहावं लागतं, सोडली की गेली. शालेय क्रीडा स्पर्धांचे फॉर्म शाळेतर्फे जातात, त्यामुळं ज्या खेळासाठी शाळा सोडताय त्याच्याच शालेय स्पर्धा हातच्या जाऊ नयेत, जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारून घ्या. गावाकडच्या मुलींना एसटीचा मोफत पास शाळेच्या जोरावर असतो. एनसीसी, स्काऊट, गॅदरिंग, हे तर आलंच. मित्र पण. त्यासाठी संध्याकाळी मैदान, तालीम, कुठला तरी क्लास, रोज बाहेर पडून चार पोरांत मिसळायची जागा पाहिजेच.

मग दाखला. हातात घेतल्यावर तिथंच उभं राहून वाचा. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, जात आणि पोटजात, जन्मगाव. पुढं जात पडताळणीला हाच कागद लागतो आणि बोर्डाच्या सर्टिफिकेटवर पण हेच उतरतं, दहावीनंतर दुरुस्ती म्हणजे नुसते हेलपाटे. आधार कार्डवरचं स्पेलिंग आणि दाखल्यावरचं एकच पाहिजे. दोन-तीन ट्रू कॉपी काढून ठेवा, मूळ दाखला कुठल्या ॲपवाल्याला द्यायचा नाही, स्कॅन पण विचारपूर्वक. आणि आधी दुसरीकडची मुदत चालू आहे ना ते बघून मगच दाखला काढायचा, एनआयओएसची पुढच्या एप्रिलच्या परीक्षेची नोंदणी साधारण मार्चच्या मध्यात उघडते, ऑक्टोबरवाली सप्टेंबरच्या मध्यात, नेमक्या तारखा त्या त्या वर्षी साईटवर.

नोंदणीत अभ्यासकेंद्र निवडायला सांगतील. महाराष्ट्रातलंच निवडा, जवळचंच निवडा. 'अमुक राज्यातलं केंद्र घ्या, पेपर सोपा जातो' असं सांगणारे भेटतील, त्यांच्या नादाला लागलात तर पुढं मेडिकल-इंजिनिअरिंगला महाराष्ट्राचा कोटा सिद्ध करताना घाम फुटेल, तिथं दहावी-बारावी कुठल्या राज्यातनं केली ते बघतात. डोमिसाईल पण काढून ठेवा.

नोंदणी झाली की लोक झोपतात ती एक गोष्ट, टीएमए. म्हणजे असाईनमेंट, प्रत्येक विषयाची, त्याला २० टक्के वजन असतं. घरी बसून पुस्तक उघडून लिहायची आणि वेळेत द्यायची, एवढं सोपं असून पोरं शेवटच्या दिवशी रात्री कॉपी-पेस्ट करतात. नोंदणीच्या आठवड्यातच प्रश्न डाऊनलोड करून भिंतीला चिकटवा. सायन्स, गृहविज्ञान, चित्रकला असल्या विषयांना प्रॅक्टिकल असतं ते केंद्रावर जाऊनच करायचं, त्यात पण पास व्हावं लागतं. ज्यानं ब्युरेट आयुष्यात हातात धरली नाही ते पोरगं एकदम परीक्षेत टायट्रेशन करणार कसं? म्हणून बारावी सायन्स पूर्ण ऑनलाईन करायला मी सहसा सांगत नाही. आर्ट्स, कॉमर्सला बिनधास्त करा. सायन्स करायचंच असेल तर केंद्राच्या संपर्क वर्गांना गाडी-भाडं घालून जायचं, चुकवायचं नाही.

नीटबद्दल विचारतात म्हणून, ओपन स्कूलची पोरं चालतात की नाही हा वाद बरीच वर्षं कोर्टात होता, २०२४ मध्ये तो मोकळा झाला, मान्यताप्राप्त ओपन बोर्डाची बारावी चालते. जेईईला पाच विषय घेऊन पास पाहिजे. सीईटी देणाऱ्या एनआयओएसच्या पोरांनी बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं वेगळी करायची, वर सांगितलंच, बारावीच्या भागावर जास्त प्रश्न येतात.

आणि दहावी ऑनलाईन करून अकरावीला परत नियमित कॉलेजला जायचं असेल तर तो दरवाजा उघडा आहे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाईन झालेत, कोल्हापूर पण त्यात आलं, दुसऱ्या बोर्डाच्या पोरांना तिथं मार्क स्वतः भरून मार्कलिस्ट अपलोड करावी लागते. फक्त परीक्षेचं गणित नीट लावा. एप्रिलच्या परीक्षेचा निकाल त्या वर्षीच्या प्रवेशाला उपयोगी पडतो, ऑक्टोबरला एखादा विषय राहिलेला काढला तर कॉलेज पुढच्या जूनलाच. एनआयओएसची मार्कलिस्ट डिजीलॉकरला पण येते, मूळ मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे एका बोर्डातनं दुसऱ्या बोर्डात जायचा दाखला, मात्र कागदाचंच मागतात कॉलेजवाले, ते आल्याशिवाय ॲडमिशन तात्पुरती धरतात, त्यामुळं निकाल लागल्यावर ते केंद्रावर आलं का म्हणून दर आठवड्याला विचारत राहा.